फळ्यावरून उतरलेली चिठ्ठी

त्या बुधवारी सकाळी एर्मिंदा साल्दान्यो पाव आणायला बाहेर पडली, तेव्हा तिच्या मनात काही वाईट नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात की ती बाई पहिल्यापासूनच आतल्या गाठीची होती. तशी नव्हती हो. छत्तीस वर्षांची, जाड चष्म्याची, दूर उत्तरेकडल्या तुकुमानच्या उसाच्या मुलखातल्या एका शाळेत भूगोल शिकवणारी बाई. हातात कापडी पिशवी, डोक्यावर लोकरीची टोपी. एप्रिल संपत आला होता आणि धुकं इतकं खाली उतरलं होतं, की धक्क्यावरच्या बोटींच्या डोलकाठ्यांची नुसती टोकं दिसत होती. ओल्या दोरखंडांचा आणि रॉकेलचा वास गावभर पसरला होता.

पुएर्तो दुरानला रस्ता संपतो. आधी डांबर संपतं, मग खडी, मग एक लाकडी धक्का लागतो आणि पुढे पाणी. उत्तरेकडून महिनोन्महिने जमीन तुडवत लोक इथवर येतात आणि धक्क्यावर उभे राहून समोर बघत बसतात. कुणाला आफ्रिका हवी असते, कुणाला ऑस्ट्रेलिया. विमानात पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा हट्ट. जमिनीनं आलो, पाण्यानं जाणार, म्हणतात. गावातले लोक त्यांना 'थांबलेले' म्हणतात आणि त्यांच्याकडे फारसं लक्ष देत नाहीत.

एर्मिंदा आणि तिची धाकटी बहीण निदिया सात आठवडे थांबल्या होत्या. ज्या गाडीतून आल्या ती त्यांनी सेनोबियो पाववाल्याला देऊन टाकली होती, कारण गाडी काही समुद्र ओलांडणार नव्हती. त्या बदल्यात तो त्यांना रोज दोन पाव द्यायचा. त्या दिवशी त्यानं पावांबरोबर एक बातमीही दिली.

"तुमच्या निदियानं काल त्या आफ्रिकेवाल्याचं इंजिन चालू करून दिलं म्हणे," तो पिठाचे हात झटकत म्हणाला. "तो आता तिलाच नेणार. नशीब काढलं पोरीनं."

एर्मिंदा हसली. पाव पिशवीत ठेवले, दार लावून घेतलं आणि बाहेर धुक्यात येऊन उभी राहिली. तिच्या पोटात असं दुखलं, की तिला भिंतीला हात टेकावा लागला.

आफ्रिका तिची होती. अकरा वर्षांची असताना साखर कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरमागे तिनं आफ्रिकेचा नकाशा चिकटवला होता. शिकवायला लागल्यापासून ती तिकडच्या नद्यांची नावं पोरांकडून पाठ करून घेत होती. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. शेवटी शाळेतून रजा घेऊन निघायच्या आदल्या संध्याकाळी निदिया दारात उभी राहिली आणि म्हणाली, मला इथं तसं काही काम नाही, येऊ का मी पण? निदियाचं सगळं आयुष्य हे असं होतं, येऊ का मी पण. आणि कुठंही गेली की दारं आपोआप उघडायची. एर्मिंदा तीन आठवडे घासून गाणं बसवायची, निदिया ऐकून ऐकून उभ्या उभ्या म्हणायची आणि टाळ्या घेऊन जायची. वडील घरी आले की निदियाला उचलायचे आणि एर्मिंदाला विचारायचे, अभ्यास झाला का. मत्सर म्हणा, जळफळाट म्हणा. एर्मिंदानं त्याला कधी नाव दिलं नव्हतं, पण तो तिच्याबरोबर तिच्या चष्म्याइतकाच जुना होता. तरीही तिनं निदियाला घेतलं, कारण गाडी बिघडली तर दुरुस्त करायला कुणीतरी हवं होतं.

आणि आता बोट तिलाच नेणार होती.

तो आफ्रिकेवाला, डावी लोम्बार्ड, हा केपटाउनचा म्हातारा, एकटाच 'मालगास' नावाची छोटी शिडाची बोट घेऊन फिरायचा. बोटीत बिछाने दोन, त्यातला एक त्याचा. ही मोसमातली शेवटची बोट. ती गुरुवारी दुपारी भरतीला सुटणार, आणि मग नोव्हेंबरपर्यंत धक्क्यावर फक्त बर्फ.

पाव घेऊन धक्क्यावर पोचल्यावर एर्मिंदाला निदिया दिसली. धक्क्याच्या टोकाला एक जुनं मालवाहू जहाज चिखलात कायमचं रुतून बसलंय. त्याच्या पोटात दोन्या, म्हणजे बाई, एउदोसिया या म्हातारीची खानावळ आहे आणि थांबलेले सगळे दिवसभर तिथंच पडलेले असतात. निदिया शिडीवर बसून हाताचं काळं तेल पुसत होती. पायात नेहमीचे ते दोरीच्या तळव्याचे कापडी जोडे, एवढ्या थंडीत, आत जाड मोजे घालून. ती जाईल तिथं ओल्या लाकडावर पिळाच्या दोरीचे ठसे उमटायचे.

"मिंदा, रागावू नकोस," ती म्हणाली. "त्यानं विचारलं मला. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"नाहीसुद्धा म्हटलेलं नाहीस."

निदियानं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू सांग. तू सांगितलंस तर आत्ता जाऊन नाही म्हणते. तुला पाहिजे ना ती जागा? माग की माझ्याकडे."

एवढंच करायचं होतं. एक शब्द. पण एर्मिंदा तो शब्द काढेना. पंचवीस वर्षांची आपली स्वतःची गोष्ट या पोरीकडे हात पसरून मागायची?

"तुझं तू बघ," ती म्हणाली आणि आत गेली. निदिया मागून दोनदा हाका मारून थांबली, मग आंघोळीला म्हणून गावात निघून गेली.

आत कुणी नव्हतं. लोखंडी शेगडी धगधगत होती, दोन लांब बाकं रिकामी होती, आणि भिंतीवर तो फळा होता. आता या फळ्याची रीत सांगायला हवी. ज्याला बोटीवर जागा हवी त्यानं जुन्या सागरी नकाशाचा तुकडा फाडायचा, त्याच्या पाठीवर नाव, कुठं जायचं आणि काय येतं ते लिहायचं, आणि पितळी टाचणीनं फळ्यावर लावायचं. बोटवाले येऊन वाचतात आणि माणूस निवडतात. जागा मिळाली की आपली चिठ्ठी आपल्याच हातानं काढून शेगडीत टाकायची. मग तो माणूस गेला. सामान बांधत समोर उभा असला तरी गेला. त्याला कुणी थाळी वाढत नाही, त्याच्याशी कुणी बोलत नाही, येर्बाची, त्या कडू पाल्याच्या चहाची, फेरी त्याला वगळून पुढे जाते. थट्टाच असते ती. जाणारा हसत हसत शिव्या देतो आणि निघतो. पण दुसऱ्याच्या चिठ्ठीला मात्र कुणी बोट लावत नाही.

म्हणूनच त्या फळ्याच्या कोपऱ्यात बाल्तासारची चिठ्ठी अजून होती, चहाच्या रंगाची झालेली. 'बाल्तासार. आफ्रिका. कितीही थांबेन.' तो बावीस वर्षांपूर्वी सायकलवरून आला होता आणि पहिल्याच हिवाळ्यात धुक्यात धक्क्यावरून चालत गेला तो गेलाच. वसंतात सापडला, तेव्हा एउदोसियानंच त्याला मागच्या टेकडीवर पुरलं. पण चिठ्ठी त्यानं काढलेली नव्हती. तेव्हा तो अजून इथंच आहे, असं एउदोसियाचं म्हणणं. येर्बाचं भांडं प्रत्येक फेरीत एकदा बाकाच्या रिकाम्या टोकाला जायचं आणि परत यायचं ते रिकामं होऊन. पहिल्या आठवड्यात एर्मिंदाला वाटलं होतं की म्हातारीच गुपचूप पिते.

तिनं आपली चिठ्ठी वाचली. चौदा ओळी, सुवाच्य, समासासकट. शेजारी निदियाची: 'निदिया साल्दान्यो. कुठंही. इंजिनं दुरुस्त करते आणि पत्त्यांत फसवते.' हे वाचून डावी म्हातारा पोट धरून हसला होता म्हणे. चौदा ओळींना कुणी हसलं नव्हतं, कुणी रडलंही नव्हतं.

एर्मिंदानं टाचणी उपसली.

विचार साधा होता. डावी उद्या फळा बघेल. ती सांगेल, निदियाचं मन बदललं, सकाळच्या बसनं उत्तरेला गेली. चिठ्ठी जाळली तिनं. निदियाला सांगेल, म्हाताऱ्यानं ऐनवेळी शब्द फिरवला. दोघं एकमेकांना विचारायच्या आत भरती येईल. एवढ्याशा लबाडीनं कुणाचा जीव जात नाही, असं ती स्वतःशी म्हणालीसुद्धा. मग तिनं शेगडीचं दार उघडलं आणि कागद आत टाकला.

तो लवकर पेटेना. कडेकडेनं करपला, गोळा झाला, आणि खोलीत जळक्या साखरेचा वास पसरला. गळीत संपल्यावर उसाचं पाचट पेटवतात तेव्हा त्यांच्या गावावर महिनाभर असतो तसा. इथं, जगाच्या या टोकाला, तो वास यायचं काही कारण नव्हतं. मागे बाकाचं लाकूड करकरलं, जणू टोकाला बसलेलं कुणीतरी उठून उभं राहिलं. तिनं वळून बघितलं. कुणी नव्हतं.

दुपारी खानावळ भरली. दोन जर्मन सायकलवाले, एक कोर्दोबाचा मोटारसायकलवाला, दोन कोळी. निदिया ओल्या केसांनी आली आणि एर्मिंदाच्या शेजारी टेकली. "अजून फुगलेलीच का?" तिनं कोपरानं ढोसलं. एर्मिंदा बाकावर जरा पलीकडे सरकली.

एउदोसियानं थाळ्या वाढल्या. एर्मिंदाला दिली, पुढच्या जर्मनाला दिली.

"दोन्या, माझी?" निदिया म्हणाली.

म्हातारी कालवणाचं भांडं घेऊन पुढे गेली. निदिया हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय. मग येर्बाची फेरी सुरू झाली. एउदोसिया भांड्यात पाणी ओतायची, एकाला द्यायची, तो नळीनं ओढून संपवून परत करायचा, की पुन्हा भरून दुसऱ्याला. एर्मिंदाला मिळालं. नंतर जर्मनाला. निदियानं पुढे केलेला हात तसाच राहिला. भांडं फिरत फिरत बाकाच्या रिकाम्या टोकाला गेलं, रिकामं होऊन आलं, दुसरी फेरी सुरू झाली, आणि पुन्हा एर्मिंदानंतर जर्मन.

"काय रे, मी अजून कुठं चिठ्ठी काढलीय?" निदिया मोठ्यानं म्हणाली. तिनं फळ्याकडे बघितलं. मग ती बराच वेळ बघतच राहिली.

कोर्दोबाचा मोटारसायकलवाला तिच्यावर लट्टू होता, हे सगळ्यांना माहीत होतं. ती उठून त्याच्या पुढ्यात गेली आणि त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला. त्यानं पापणी हलवली नाही. तो तिच्या हातातून पलीकडे, खिडकीबाहेरचं धुकं बघत होता. "निदिया गेली वाटतं," तो एउदोसियाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. थट्टेत माणूस असा आवाज काढू शकत नाही.

"निरोपसुद्धा घेतला नाही," एउदोसिया म्हणाली. "तशी वाटली नव्हती पोर."

"मिंदा..." निदिया म्हणाली. "मिंदा, तू तरी बघतेयस ना?"

एर्मिंदाला ती दिसत होती. पण आवाज पलीकडच्या खोलीतून यावा तसा येत होता.

सगळे पांगल्यावर एर्मिंदानं एउदोसियाला गाठलं. निदिया शेगडीपाशी बसली होती. पेन्सिल घेऊन नकाशाच्या तुकड्यावर लिहीत होती, पुन्हा पुन्हा गिरवत होती, आणि कागद कोराच राहत होता. एर्मिंदानं म्हातारीला सगळं सांगून टाकलं. म्हातारीनं तिला शिवी दिली नाही, हातातलं भांडंही खाली ठेवलं नाही.

"कुठाय ती आत्ता?" तिनं विचारलं.

"ती काय, शेगडीजवळ."

एउदोसियानं तिकडे पाहिलं. "मला नाही दिसत. तुला किती वेळ दिसेल कुणास ठाऊक. ऐक मुली. तिच्या नावाची नवी चिठ्ठी लिही आणि फळ्यावर लाव. तिच्या हातानं आता नाही होणार. तू सख्खी आहेस, तुझ्या हातानं चालेल. पण बोट सुटायच्या आत. जे नाव इथं जळलं ते पहिल्या बोटीमागं पाण्यात उतरतं, मग त्याला परत कोण आणणार?"

"आणि चिठ्ठी लावली तर... सगळ्यांना दिसेल ती? डावीला पण?"

म्हातारीनं तिच्याकडे असं पाहिलं की एर्मिंदाची नजर खाली गेली. "दिसेल," एउदोसिया म्हणाली. "डावीला पण."

ती रात्र दोघी बहिणींनी आपल्या भाड्याच्या खोलीत काढली. निदिया रडत असावी, तिचे खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. सकाळी तिच्या अंगातून आरपार खिडकीची चौकट दिसायला लागली.

गुरुवारी अकरा वाजता एर्मिंदा फळ्यासमोर बसली. तिनं नकाशाचा तुकडा फाडला आणि लिहिलं: निदिया साल्दान्यो. पुढं 'कुठंही' लिहिलं. सगळं लिहून झालं. टाचणी हातात होती, फळा हातभर अंतरावर होता, आणि निदिया तिच्या शेजारी उभी राहून ओठ हलवत होती. लाव, असं म्हणत असावी. आता आवाज अजिबात नव्हता.

लाव म्हटलं की लावायची, एवढंच होतं हो. तिला बहिणीचा जीव प्यारा नव्हता असं नाही. पण तिच्या डोळ्यांपुढे येत होतं ते भलतंच: निदिया बोटीच्या पुढच्या टोकावर उभी आहे, हसत हात हलवतेय, आणि आपण धक्क्यावर. नोव्हेंबरपर्यंत. सेनोबियो म्हणतोय, नशीब काढलं पोरीनं. पुन्हा उसाचा मुलूख, पुन्हा ते कॅलेंडर, आणि एक दिवस निदियाचं पत्र येणार, की अगं, तुझी ती नदी पाहिली बरं का.

दारात पावलं वाजली. डावी म्हातारा ओल्या कोटात आत आला आणि फळ्याकडे बघत राहिला. त्याची भाषा मोडकीतोडकी होती.

"ती नाही? हसवणारी?" तो म्हणाला. "गेली?" मग एर्मिंदाची चौदा ओळींची चिठ्ठी वाचली, मान हलवली. "तुम्ही चालाल. पण एकच जागा. तुमच्याबरोबर कोणी आहे?"

निदिया त्या दोघांच्या मधे उभी होती. तिनं एर्मिंदाची बाही धरली. धरलेली दिसली, जाणवलं मात्र काही नाही.

एर्मिंदानं हातातली चिठ्ठी घडी करून कोटाच्या खिशात घातली.

"नाही," ती म्हणाली. "मी एकटीच आहे."

निदिया त्यानंतर दिसली नाही. एर्मिंदानं स्वतःची चिठ्ठी काढली आणि शेगडीत टाकली. तिला कसलाच वास आला नाही. एउदोसिया कोपऱ्यात बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही, निरोप दिला नाही. रीतच होती तशी, असं एर्मिंदानं स्वतःला समजावलं. केपटाउनच्या धक्क्यावरही असाच फळा आहे, असं डावीनं बोलता बोलता सांगितलं होतं. तिथं पोचले की पहिल्यांदा ही चिठ्ठी लावीन. निदिया तिथं येईल. थोडी उशिरा येईल, एवढंच. या एका विचारावर ती बोटीत चढली.

छत्तीस दिवस लागले. पहिले दोन दिवस ती नुसती ओकत होती. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा तिनं येर्बाचं भांडं बाहेर काढलं. डावीला ते कडू पाणी आवडत नसे, तो कॉफी प्यायचा, म्हणून ती एकटीपुरतंच भरायची. भांडं भरून ठेवलं आणि साखर आणायला खाली गेली. वर आली तर भांडं रिकामं. नळीचं टोक गरम होतं.

लाटेनं सांडलं असेल, ती मनाशी म्हणाली. फळी कोरडी होती.

मग रोजचंच झालं. ती कधी मुद्दाम पाठ फिरवायची, कधी डोळे मिटून वीसपर्यंत मोजायची. डावीला काही सांगितलं नाही. तोही काही म्हणाला नाही; फक्त एकदा सुकाणूवरून हसत म्हणाला की तुम्ही काल पहाऱ्यावर फार छान गात होतात. एर्मिंदा पहाऱ्यावर गप्प बसून असायची. तिनं विचारलं, कुठलं गाणं? त्यानं शिटीनं सूर वाजवून दाखवला. ती तीन आठवडे घासून बसवायची, त्यातलंच ते होतं. चांगलं गायलं का, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

शेवटच्या आठवड्यात इंजिन दोनदा बंद पडलं आणि दोनदा आपोआप सुरू झालं. डावीनं देवाचे आभार मानले. एर्मिंदानं कोटाच्या खिशात हात घालून पाहिलं. चिठ्ठी होती. थोडी दमट, पण होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, लख्ख सकाळी, तो सपाट माथ्याचा डोंगर समोर आला. एर्मिंदा रडली. ढसाढसा रडली. त्या घटकेला ती सगळं विसरली, हे कबूल करायला हवं. बोट धक्क्याला टेकत होती आणि तिच्या डोक्यात एकच होतं: पहिलं पाऊल माझं. पंचवीस वर्षं ज्यासाठी काढली ते पाऊल. ती कठड्यावर चढून तयार उभी राहिली.

धक्क्यावर बंदराचा एक गोरटेला कारकून वही घेऊन आला. डावीनं त्याच्याशी हात मिळवला. एर्मिंदाला त्यांची भाषा शाळेतल्या पुस्तकाइतकी येत होती.

"बरोबर किती माणसं?" कारकुनानं विचारलं.

"एक बाई," डावी म्हणाला.

"हो, ती काय, उतरली की ती आधीच. दोरी तिनंच बांधली." कारकून कौतुकानं हसला. "गंमतीदार बाई आहे."

एर्मिंदानं खाली बघितलं. पुढची दोरी खुंटाला पक्की बांधलेली होती. आणि तिथून धक्क्याच्या कोरड्या, उन्हानं पांढऱ्या पडलेल्या फळ्यांवर ओले ठसे गेले होते. पिळाच्या दोरीच्या तळव्यांचे.

खरं सांगायचं तर, तिला आधी भीती वाटली नाही. आधी पोटात दुखलं, अगदी तसंच, पाववाल्याच्या दाराबाहेर दुखलं होतं तसं. ही इथंसुद्धा माझ्या आधी... भीती नंतर आली, खिशात हात घातल्यावर. खिसा रिकामा होता.

ती उतरली. ठशांमागून गेली. ठसे कार्यालयाच्या भिंतीपर्यंत गेले होते. तिथं बाहेरच फळा होता, फळ्याखाली एक बाक होतं. फळ्यावर पितळी टाचणीनं एक नकाशाचा तुकडा लावलेला होता. त्यावरचं नाव एर्मिंदाच्या सुवाच्य अक्षरात होतं, आणि कागदाची एक कड करपलेली होती. लिहिलं तेव्हा करपलेली नव्हती. नावाखाली निदियाच्या गिचमिड अक्षरात एक ओळ होती.

'मिंदा, तुझी चिठ्ठी कुठं दिसत नाही.'

ठसे फळ्यापाशी थांबले नव्हते. ते बाकाच्या टोकाकडे वळले होते आणि तिथं दोन पावलं शेजारी शेजारी, बोटीकडे तोंड करून उमटली होती. भर उन्हात ती वाळत नव्हती.

"डावी..." एर्मिंदा म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली. डावी तिच्यापासून चार हातांवर उभा होता. त्यानं इकडे तिकडे बघितलं, कुणाला तरी शोधत असल्यासारखं. त्याची नजर तिच्यावरून पुढे गेली आणि बाकाच्या टोकाशी जाऊन थांबली. तो हसला.

कारकुनानं आतून चहा आणला, दोन कप. एक त्यानं डावीला दिला. एर्मिंदानं हात पुढे केला. दुसरा कप तिच्या हातासमोरून तसाच पुढे गेला, बाकाच्या त्या टोकाला, आणि थोड्या वेळानं परत आला तो रिकामा होऊन.